उवेआधीचा ‘स’

कचेरीत तिला सगळे ‘चांदणी’ म्हणत, आणि त्यात तिच्या रूपाचं कौतुक अजिबात नव्हतं. शब्दकोशात ज्या शब्दाच्या आधी चांदणीची खूण असते, तो शब्द आजच्या कुणीही कानांनी ऐकलेला नसतो. तिबेटी, बर्मी आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या दोनेकशे लहानमोठ्या भाषांचे शब्द शेजारी-शेजारी मांडायचे, ताडून बघायचे, आणि या सगळ्या भाषांची जी कोणी खापरपणजी असेल ती काय म्हणत असेल याचा अंदाज बांधायचा, हे त्या कचेरीचं काम. डोळ्याला तिबेटीत मिग म्हणतात, जुन्या बर्मीत म्यक. म्हणजे खापरपणजीच्या तोंडी ‘मिक’ किंवा ‘म्यक’ असं काहीतरी असणार. अंदाज पक्का झाला की त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढायची. ‘हे आम्ही जुळवलंय, ऐकलेलं नाही,’ अशी ती कबुलीच. गेली चौदा वर्षं या चांदण्या ती काढत आली होती.

कचेरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दोन खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी खण, खणांत पत्त्यांच्या जोडासारखी उभी रचलेली कार्डं. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती. एकदा नव्या शिपायाने लावला होता तेव्हा ‘कुत्रा’ आणि ‘कोपर’ यांची अशी सरमिसळ झाली की ती निस्तरायला पंधरा दिवस गेले. तिसऱ्या खोलीत सर बसत. वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी पेन्सिलीसारखी आणि कानावर पेन्सिल. कोशाची कल्पना त्यांची, चाळीस वर्षांची मेहनतही त्यांचीच. आता शेवटचा खंड छापायला निघाला होता, प्राण्यांचा. वाघ, अस्वल, मासे, मधमाश्या सगळे मार्गी लागले होते. अडली होती ती एकटी ऊ.

उवेचं भांडण बावीस वर्षांचं होतं, आणि तेही सख्ख्या मेहुण्याशी. सरांचे मेहुणे, म्हणजे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ, हेही याच विषयातले पंडित. एके काळी दोघांचं इतकं गूळपीठ होतं की मेहुण्यांनीच आपल्या बहिणीचं स्थळ सरांना सुचवलं होतं. मग ऊ मध्ये आली. तिबेटीत उवेला म्हणतात शिग, मिझोत ऱ्हिक. आणि ‘चारगावी’ म्हणून एक डोंगरातली भाषा आहे, तिच्यात म्हणतात सरिक. सरांचं म्हणणं, मूळ शब्द अखंड ‘स्रिक’. मेहुण्यांचं म्हणणं, मूळ नुसतं ‘रिक’. पुढचा ‘स’ हा प्राण्यांच्या नावांना चिकटवायचा टिकला आहे, वाघालाही लावतात नि उवेलाही. एवढाच वाद. पण भर सभेत मेहुणे उठून हे बोलले, आणि सर व्यासपीठावरून म्हणाले, “ज्याच्या डोक्यावर केस नाहीत, त्याला उवेतलं काय कळणार?”

मेहुण्यांना तेव्हाच टक्कल पडलं होतं. सभागृह पोट धरधरून हसलं. मेहुण्यांनी कागद गोळा केले आणि निघून गेले. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. घरातल्या लग्नामुंजींना यायचे दोघेही, पण बसायचे दोन टोकांना. मीठ हवं असलं तरी ‘ताई, यांना म्हणावं मीठ सरकवा,’ असा निरोप बहिणीमार्फत जायचा.

चांदणीला हे सगळं ठाऊक होतं, आणि दर सोमवारी छापखान्यातून येणारा फोनही तीच घ्यायची. “बाई, तुमच्या त्या एका पानासाठी माझं यंत्र रिकामं बसलंय,” मुद्रक म्हणायचा.

“या आठवड्यात नक्की देते.”

“हे तुम्ही गेल्या आठवड्यातही म्हणालात.”

अशा दिवसांत एका दुपारी तिच्या आठ वर्षांच्या लेकीने, ठमीने, दप्तरातून शाळेची चिठ्ठी काढून दिली. ‘आपल्या पाल्याच्या केसांत उवा आढळल्या आहेत. योग्य ती काळजी घ्यावी.’ चिठ्ठी सासूबाईंनी आधी वाचली आणि कपाळाला हात लावला.

“एकशे सदतीस भाषांत उवेला काय म्हणतात ते हिला तोंडपाठ,” त्या सगळ्या घराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “आणि लेकीच्या डोक्यात नांदतायत त्या हिला दिसल्या नाहीत!”

“आजी, मलाही दिसल्या नाहीत. त्या माझ्या डोक्यावर होत्या ना,” ठमी म्हणाली.

चांदणीला हसू आवरेना, आणि हसली म्हणून सासूबाईंचा पारा आणखी चढला. शेवटी त्यांनीच फर्मान काढलं: कचेरीमागच्या गल्लीत ती पार्लरवाली आहे, तिच्याकडे बारीक दातांची फणी आहे, हातही हलका आहे, उद्याच्या उद्या पोरीला घेऊन जा.

पार्लर म्हणजे दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि भिंतीवर उडालेल्या रंगाची केशरचनांची चित्रं. पार्लरवाली पस्तिशीतली, गोल चेहऱ्याची, बोलकी. आरशाला टेकवून तिने मोबाइल उभा केलेला होता आणि त्यात तिची आई दिसत होती: डोक्याला फडकं, मागे चुलीचा धूर, आणि तोंडाची टकळी चालू. दोघी रोज दुपारी अशा गप्पा मारत. मुलगी केस कापायची, आई शेंगा सोलायची.

पार्लरवालीने ठमीच्या केसांत भांग पाडला, वाकून पाहिलं आणि मोबाइलकडे बघून आनंदाने ओरडली, “गोरिक! गोरिक!” तिकडून आईही हसत काहीतरी म्हणाली.

चांदणी कोपऱ्यातल्या बाकावर मासिक चाळत बसली होती. तिने कान टवकारले. मासिक केव्हा खाली पडलं ते तिला कळलंही नाही.

“काय म्हणालात तुम्ही आत्ता?”

पार्लरवाली ओशाळली. “काही नाही हो ताई. आईला सांगत होते. लहान मुलांना होतातच उवा, राग नका मानू.”

“राग नाही हो. तो शब्द परत म्हणा ना.”

“गोरिक? डोक्यातली ऊ.”

“‘गो’ म्हणजे डोकं?”

आता पार्लरवालीचा हात थांबला. “तुम्हाला कसं ठाऊक?”

“आणि डोक्याचं नाव न घेता नुसती ऊ म्हणायची असेल तर?”

“सरिक.”

“मग ‘गोसरिक’ का नाही म्हणत?”

पार्लरवालीने हा प्रश्न मोबाइलमधल्या आईला सांगितला असावा, कारण मायलेकी एकदमच खिदळायला लागल्या. “गोसरिक! असं कोण बोलेल, ताई? तीन वर्षांचं पोर पण हसेल.”

“बरं, कुत्र्याला काय म्हणता?”

“सखुई.”

“आणि पाळलेल्या, घरातल्या कुत्र्याला?”

“किमखुई. किम म्हणजे घर. ताई, तुम्ही आहात तरी कोण?”

चांदणी मनातल्या मनात जुळवायला लागली होती. आपण नाही का, पाणी म्हणतो पण ‘पाणकोंबडी’ म्हणतो, घोडा म्हणतो पण ‘घोडदौड’ म्हणतो? दुसरा शब्द जोडीला आला की मागचा ‘ई’ नि मागचा ‘आ’ गुमान बाजूला होतात. तसा इथे पुढचा ‘स’ बाजूला होत होता. आणि जो असा उठून बाजूला होतो, तो वरून चिकटवलेला. म्हणजे मूळ शब्द रिक. म्हणजे मेहुणे बरोबर!

“आई, माझ्या डोक्यात फणी तशीच आहे,” ठमीने आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने ‘ऊ’चा खण काढला आणि सरांच्या हातचं जुनं कार्ड शोधलं. जांभळी शाई, एकेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. ‘चारगावी. सरिक, ऊ. सांगणारी: म्हातारी बाई, दात नाहीत. या भाषेचे अखेरचे बोलणारे हेच असावेत.’ त्या भाषेचा पुरावा म्हणजे सरांनी तीन आठवड्यांच्या मुक्कामात लिहून आणलेले सहाशे शब्द, बस. सरांनी शब्द विचारले होते एकेकटे. जोडशब्द विचारायच्या आत त्यांना ताप भरला आणि खाली उतरावं लागलं होतं.

पण एका ‘गोरिक’वर कोश फिरवता येत नाही. मग ती रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन पार्लरमध्ये जाऊन बसायला लागली. पार्लरवाली कात्री चालवता चालवता बोलायची, अडलं की मोबाइलमधल्या आईला विचारायची. चार दिवसांत तर गिऱ्हाइकांनाही चटक लागली. डोक्याला मेंदी लावून बसलेली एक शिक्षिका म्हणाली, “अहो, मुंगूस राहिलं. मुंगुसाला काय म्हणतात ते विचारा ना.”

“तुमच्या भाषेचं नाव चारगावीच ना?” चांदणीने एकदा विचारलं.

“चारगावी? हे कुणी ठेवलं?”

“आमच्या सरांनी. चार गावांत बोलतात म्हणून.”

“आता नऊ गावं आहेत, ताई. माणसं वाढली, वरच्या अंगाला वस्त्या झाल्या. आणि आम्ही आपलं ‘आपलं बोलणं’ म्हणतो. नाव कशाला लागतंय? दुसरं कुणी असतं तिथे तर नाव लागलं असतं.”

आठवड्याभरात एकतीस प्राणी झाले. त्यातल्या सव्वीसांच्या पुढे ‘स’, आणि जोडशब्दात गेलं की सव्वीसच्या सव्वीसांचा ‘स’ गायब. सरांच्या सहाशे शब्दांशीही तिने सगळं ताडून पाहिलं. भाषा तीच, शंकाच नाही. आता उरलं ते एकच काम: सरांना सांगायचं. चौदा वर्षांत तिने सरांची शुद्धलेखनाची चूकसुद्धा पेन्सिलीने, पुसता येईल अशी दाखवली होती. आणि आता सांगायचं काय, तर बावीस वर्षं तुम्ही ज्यासाठी घरच्या माणसाशी अबोला धरलात ते चूक होतं.

मंगळवारी तिने धीर केला. नवी कार्डं सरांच्या टेबलावर ओळीने मांडली आणि बाजूला उभी राहिली. सरांनी चष्मा वर सरकवला. पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं. मग परत पहिलं.

“गोरिक,” ते हळूच म्हणाले. “हे कुठल्या पुस्तकातून काढलंस?”

“पुस्तकातून नाही, सर. मागच्या गल्लीतली पार्लरवाली बोलते.”

“बोलायची, असं म्हण.”

“बोलते, सर. रोज बोलते. आत्ताही बोलत असेल. दुपारी तिच्या आईचा फोन असतो.”

सर उभे राहिले. चांदणीला वाटलं, आता काही खरं नाही. पण सरांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि उवेच्या ‘स’चा त्यांच्या मनात त्या क्षणी मागमूसही नव्हता.

“मला वाटलं होतं संपली ती भाषा,” ते म्हणाले. “चल. माझी चप्पल कुठे गेली?”

तीन जिने ते कठडा न धरता उतरले. पार्लरच्या दारात पुरुषमाणूस बघून आत एकच गडबड उडाली. तोंडाला लेप लावलेल्या एका बाईने टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला. चांदणीने कशीबशी समजूत घातली. पार्लरवालीने मोबाइल सरांच्या हातात दिला. सरांनी घसा साफ केला आणि एकेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य, एकेक शब्द तोलत, त्या म्हाताऱ्या आईला ऐकवलं. ‘कृपा करून मला पाणी द्या.’

पलीकडे आई हसायला लागली. हसता हसता तिच्या हातचा मोबाइल असा हलायला लागला की पडद्यावर कधी छप्पर दिसे तर कधी कोंबड्या. पार्लरवालीने ओठ दाबून धरले होते, पण तिचे खांदे हलत होते.

“काय झालं? माझं चुकलं का काही?” सरांनी विचारलं.

“सर, राग नका मानू. तुम्ही जे म्हणालात ना, ते आम्ही वासराला म्हणतो. ‘ये बाळा, पाणी पी.’”

“पण मी तर तीन आठवडे असंच पाणी मागत होतो! आणि लोक आणून द्यायचे!”

“देणारच ना, सर. तहानलेल्या माणसाला कोण शिकवत बसतं?”

सरांनी दोन-तीनदा मान हलवली. “तरीच,” ते म्हणाले, “तरीच ती मुलं माझ्यामागे फिदीफिदी हसत फिरायची.” आणि मग तेही असे हसले की लेप लावलेल्या बाईचा लेप तडकला.

परतताना सर तरंगतच चालले होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र ते अचानक थांबले. कठडा धरला.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तो टकल्या बरोबर होता.”

चांदणीने खाली बघितलं. पुढचे दोन दिवस सर कचेरीत आले नाहीत.

गुरुवारी त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, फोन आला. “काय केलंस गं ह्यांना? दोन दिवस खिडकीशी बसून ‘सरिक, गोरिक’ चाललंय. चहा गार होतो तरी शुद्ध नाही.”

चांदणीने सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला, तो दुःखाचा मात्र नव्हता. “बावीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं एकाच ताटातलं मीठ मी दोघांना वेगवेगळं सरकवतेय, एका उवेपायी. उद्या ह्यांना कचेरीत पाठवते. फोन मीही लावून दिला असता, पण बोलायचं ह्यांनीच. तू जवळ थांब फक्त.”

शुक्रवारी सर आले ते इस्त्रीचा सदरा घालून. चांदणीसमोर बसूनच त्यांनी नंबर फिरवला. नंबर पाठ होता, हे तिच्या लक्षात आलं.

“मी बोलतोय,” सर म्हणाले. “हो, मीच. तब्येत बरी आहे. ताई पण बरी आहे. ऐक. ‘स’ तुझा. रिक एवढंच मूळ. पुरावा मिळालाय.” सरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. “आणि ते जाऊ दे, ‘स’चं काही नाही. त्या दिवशी सभेत मी तुझ्या डोक्यावरून बोललो. ते नको होतं बोलायला. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण फोन करायचं राहून गेलं.”

पलीकडून काय उत्तर आलं ते चांदणीला ऐकू आलं नाही. सरांनी फोन ठेवला, चष्मा पुसला. “येतोय,” ते म्हणाले. “आत्ताच येतोय. बिस्किटं आहेत का आपल्याकडे?”

मेहुणे तासाभरात आले. गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याचे, डोक्यावर टोपी. दारात दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आता मिठी मारतील असं चांदणीला वाटलं, पण दोघांनी नुसतेच हात वर-खाली केले आणि सर म्हणाले, “बस.” चहा झाला. मेहुण्यांनी कार्डं ओढून घेतली, नाकाजवळ धरून एकेक वाचलं. दहा मिनिटं गेली.

“दाजी,” मेहुणे शेवटी म्हणाले, “हे फार छान आहे. पण एका बाईच्या बोलण्यावर तुम्ही ‘स’ सोडून देणार?”

“म्हणजे?”

“पुरावा कमी आहे. ती इतकी वर्षं शहरात राहते. जोडशब्दातला ‘स’ इथे येऊन बोलण्याच्या घाईत झिजला असेल.”

“तिची आई गावातच आहे! तीही गोरिकच म्हणते!”

“आईला हिच्याशी बोलून सवय लागली असेल.”

“अरे, सव्वीस प्राणी! सव्वीसच्या सव्वीस! बावीस वर्षं तू हेच म्हणत होतास ना?”

“म्हणत होतो, पण पुराव्यानिशी म्हणत नव्हतो. आता पुरावा म्हटल्यावर तो तपासायला नको? तुमची ‘स्रिक’ची बाजू तशी अगदीच टाकाऊ नव्हती.”

“ती टाकाऊच होती!” सर टेबलावर हात आपटून म्हणाले.

चांदणी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. दोघांनी बाजू बदलल्या होत्या, आवाज मात्र बावीस वर्षांपूर्वीच्याच पट्टीत लागला होता. तेवढ्यात फोन वाजला. मुद्रक. तिने फोन उचलला, “पाचच मिनिटं,” एवढंच म्हणाली आणि ठेवला. मग वळली.

“पुरे!”

दोघे दचकले. चौदा वर्षांत या खोलीत तिचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. तिचं तिलाही नवल वाटलं.

“पान आज जाणार आहे,” ती म्हणाली. “सव्वीस शब्द मी स्वतः ऐकलेत. घाईने झिजायचा असता तर एखादा तरी ‘स’ शिल्लक राहिला असता. आईच्या शेजारणींनाही विचारलंय, तिघींना, त्यातल्या दोघींनी शहर पाहिलेलं नाही. कार्डांच्या मागच्या बाजूला लिहिलंय सगळं. तुम्ही दोघांनी मागची बाजू बघितलीच नाही.”

सर आणि मेहुण्यांनी कार्डं उलटली. खोलीत फक्त कार्डांची सरसर. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“दाजी, ही तुमच्याकडे किती वर्षं आहे?”

“चौदा.”

“आणि तुम्ही तिला नुसत्या चांदण्या काढायला लावता?”

चांदणीने लाल पेन घेतलं. पानावर चांदणी होतीच, पुढे ‘स्रिक’ छापलेलं होतं. ते तिने खोडलं आणि वर लिहिलं: स, मग एक आडवी रेघ, मग रिक. ‘स’ वरून चिकटवलेला आहे, हे सांगणारी ती रेघ जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. तळटिपेत मेहुण्यांच्या जुन्या निबंधाचा उल्लेख घातला, पार्लरवालीचं आणि तिच्या आईचं नाव घातलं. आईचं आधी, कारण तशी पार्लरवालीची अटच होती. सरांनी खाली सही केली. मग पान मेहुण्यांकडे सरकवलं, स्वतःच्या हाताने, आणि मेहुण्यांनीही सही केली.

त्याच रविवारी काकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सासूबाई आणि ठमीसुद्धा गेल्या होत्या. ठमीचं डोकं एव्हाना लखलखीत झालं होतं. दोघे विद्वान शेजारी-शेजारी बसले होते आणि जेवण संपेपर्यंत त्यांनी माशाच्या मूळ शब्दावरून नवा वाद उकरून काढला होता. पण आता ते समोरासमोर भांडत होते, मधे निरोप्या नव्हता, आणि काकू पहिल्यांदाच बसून जेवत होत्या.

“डोंगरात जायचंय पुन्हा,” सर म्हणाले. “नऊ गावं आहेत म्हणे आता.”

“आधी ते गुडघे दाखवा डॉक्टरला,” काकू म्हणाल्या. “आणि जायचं तर मीही येणार. तीन आठवडे वासरासारखं पाणी पीत फिरलेला माणूस मी एकटा नाही सोडायची.”

जाणं काही लगेच जमलं नाही. पण बुधवारी पार्लर बंद असतं, आणि दर बुधवारी पार्लरवाली कचेरीत यायला लागली. नोंदणीच्या वहीत, गिऱ्हाइकांच्या वेळांच्या मधल्या जागेत, तिने आठवेल तसे शब्द लिहून आणलेले असत: शेताचे, पावसाचे, आजारांचे, शिव्यांचेही. सरांनी तिच्यासाठी खिडकीजवळ टेबल लावून दिलं. मेहुणे न बोलावता यायचे आणि बिस्किटं आणायचे.

तिसऱ्या बुधवारी मोबाइलच्या पडद्यावर आईबरोबर शेजारच्या तिघी म्हाताऱ्याही दाटीवाटीने बसल्या होत्या. विचारायचा होता शब्द ‘गुदगुल्या’. आईने एक सांगितला. दुसरीने हात उडवून सांगितलं की असं फक्त नदीकाठचे बोलतात, खरा शब्द वेगळाच. तिसरी तिसरंच काही म्हणाली, आणि चौथीने प्रात्यक्षिक दाखवायला आईच्याच बगलेत बोट घातलं. मग चौघी एकदम ओरडायला आणि हसायला लागल्या. पार्लरवाली इकडून चौघींना दटावत होती, सर आणि मेहुणे कान पुढे करून एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून वाकले होते.

“एकेक जणी बोला!” चांदणी हातात कोरं कार्ड घेऊन म्हणाली. “एकेक जणी!”

पण ऐकतंय कोण? तिने कार्डाचे चार भाग पाडले आणि चारही शब्द भराभर लिहून घ्यायला लागली.